'नाइस' या इंग्रजी विशेषणाचा अर्थेतिहास : 'मूळ अर्थ' या कल्पनेची एक कसोटी

१

शब्दार्थाविषयी वाद उत्पन्न झाला म्हणजे 'या शब्दाचा मूळ अर्थ काय' असा प्रश्न विचारून त्याचा निकाल लावावयाचा, ही सुशिक्षितांची जुनी सवय आहे. व्युत्पत्ती ही जणू शब्दाची सनद होय. सनदेत जे लिहिले असेल तेवढे खरे आणि पुढील पिढ्यांनी त्यात जी भर घातली ते अतिक्रमण, असे या विचारसरणीचे स्वरूप असते. आपल्याकडे संस्कृतोत्पन्न शब्दांच्या बाबतीत हा युक्तिवाद विशेष आवेशाने केला जातो. युरोपात लॅटिन व ग्रीक या भाषांतून आलेल्या शब्दांविषयी तो तितक्याच आवेशाने केला गेला आहे. प्रस्तुत लेखात या युक्तिवादाची कसोटी एका अगदी सामान्य इंग्रजी विशेषणावर घ्यावयाचे योजिले आहे. ते विशेषण म्हणजे 'नाइस' हे होय.

आज हा शब्द इंग्रजी जाणणाऱ्या मराठी वाचकाच्याही बोलण्यात सहज येतो. चांगला, छान, मनमिळाऊ, प्रसन्न, एवढाच त्याचा आशय आपण समजतो. किंबहुना त्याला निश्चित असा काही आशय आहे, हेही पुष्कळदा आपल्या ध्यानात येत नाही. कोणत्याही बऱ्या वाटणाऱ्या वस्तूला हे विशेषण लावावे आणि पुढे जावे, असा त्याचा उपयोग. तथापि सुमारे सात शतकांपूर्वी फ्रेंचमधून हा शब्द इंग्रजीत आला, त्या वेळी तो 'मूर्ख' या अर्थाने आला. मूर्खापासून चांगल्यापर्यंतचा हा प्रवास एका उडीत झालेला नाही. वाटेत त्याने उच्छृंखल, लाजाळू, क्षुल्लक, चोखंदळ, सूक्ष्म, काटेकोर आणि रुचकर असे अनेक अर्थ धारण केले, आणि त्यांपैकी कित्येक अर्थ एकाच काळी शेजारी शेजारी नांदत होते.

या प्रवासाची केवळ गंमत सांगावी, असा येथे हेतू नाही. 'मूळ अर्थ' म्हणून आपण ज्याचा आधार घेतो तो कोणत्या काळचा अर्थ असतो, आणि जुना लेख वाचताना तो आधार कितपत उपयोगी पडतो, हा येथील मुख्य प्रश्न आहे. इतिहासाच्या अभ्यासकाला कागदपत्र वाचावयाचे असतात. आणि कागदपत्रातील जो शब्द आपल्या ओळखीचा वाटतो तोच त्याला अनेकदा फसवितो.

२

लॅटिनमध्ये 'स्कीरे' म्हणजे जाणणे. त्याला 'ने' हा निषेधवाचक उपसर्ग लागून 'नेस्कियुस' हे विशेषण झाले. त्याचा अर्थ 'न जाणणारा', म्हणजे संस्कृतातील 'अज्ञ' या शब्दाशी नेमका जुळणारा. ज्या धातूपासून हे अज्ञानवाचक विशेषण निघाले त्याच धातूपासून 'स्कियेन्तिया' हे नामही निघाले, आणि तेच फ्रेंचमार्गे इंग्रजीत 'सायन्स' म्हणून स्थिरावले. 'सायन्स' आणि 'नाइस' हे दोन शब्द अशा रीतीने एकाच कुळातील आहेत. एकाने ज्ञानाची बाजू घेतली, दुसऱ्याने अज्ञानाची.

लॅटिनमधील 'नेस्कियुस' जुन्या फ्रेंचमध्ये 'नीस' या रूपाने आला. तेथे त्याचा अर्थ अडाणी, भोळसट, मूर्ख असा होता. स्पॅनिश भाषेत याच लॅटिन शब्दाचा वंशज 'नेसिओ' हा आहे आणि तो आजही 'मूर्ख' याच अर्थाने वापरला जातो. फ्रेंचमध्ये मात्र हा शब्द पुढे मागे पडला व प्रचलित भाषेतून नाहीसा झाला. फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावरील नीस या नगराच्या नावाशी त्याचा काही संबंध नाही; ते नाव ग्रीक वसाहतकारांच्या 'निकाइया' या नावापासून आलेले आहे. केवळ वर्णसाम्यावरून दोहोंची सांगड घालू नये, म्हणून हा उल्लेख.

इंग्लंडवर नॉर्मनांची सत्ता १०६६ मध्ये स्थापन झाली. राजदरबार, न्यायसभा आणि सरदारवर्ग यांची भाषा फ्रेंच झाली. परंतु फ्रेंच शब्दांचा सर्वांत मोठा ओघ इंग्रजीत आला तो विजयानंतर लगेच नव्हे. ओटो येस्पर्सन या डॅनिश भाषाशास्त्रज्ञाने १९०५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात कोशातील शब्दांची गणना करून असे दाखविले की, इ. स. १२५० ते १४०० हा कालखंड या उसनवारीचा ऐन भर होय. नॉर्मंडीचा प्रांत १२०४ मध्ये इंग्लंडच्या राजाच्या हातून गेल्यावर सरदारघराणी हळूहळू इंग्रजी बोलू लागली, आणि बोलताना आपले फ्रेंच शब्द त्यांनी बरोबर आणले. न्यायालयांत इंग्रजीतून वाद करावेत, असे १३६२ च्या कायद्याने ठरविले. 'नाइस' हा शब्द या ओघाच्या आरंभीच, म्हणजे तेराव्या शतकाच्या अखेरीच्या सुमारास इंग्रजीत दिसू लागतो. त्या वेळी त्याचा उच्चारही 'नीस'च्या जवळचा होता. पुढे पंधराव्या शतकापासून इंग्रजीतील दीर्घ स्वरांचे जे मोठे स्थित्यंतर झाले त्यात 'ई'चा 'आइ' झाला व आजचा उच्चार सिद्ध झाला.

त्या काळच्या अर्थाचा निःसंदिग्ध पुरावा चॉसरच्या लेखनात मिळतो. १४०० मध्ये तो मृत्यू पावला तेव्हा अपूर्ण राहिलेल्या 'कँटरबरी टेल्स' या ग्रंथात एका जोगिणीच्या तोंडी संत सिसिलियाची कथा आहे. रोमन अधिकारी अल्माकियुस तिचा न्याय करावयास बसला असता ती त्याला निर्भयपणे खडसावते, आणि त्याला संबोधताना हेच विशेषण वापरते. त्याच्या प्रत्येक शब्दातून त्याची मूर्खता आपणास कळून आली, असेही ती सांगते; आणि तेथे मूर्खतेसाठी याच विशेषणापासून झालेले नाम आलेले आहे. आजचा वाचक कोशाच्या साहाय्यावाचून हे स्थळ वाचील तर, वधस्तंभाच्या छायेत उभी असलेली ही स्त्री आपल्या न्यायाधीशाची स्तुती करीत आहे, असा विपरीत समज होण्याचा संभव आहे. ज्या वाक्यावर सबंध प्रसंगाचे तेज अवलंबून आहे, तेच वाक्य एका शब्दाच्या गैरसमजाने निस्तेज होऊन जाते.

३

'मूर्ख' या अर्थापासून 'चांगला' या अर्थापर्यंत शब्द कसा पोचला, याचा विचार करताना एक गोष्ट प्रथमच सांगितली पाहिजे. या अर्थांची एक सरळ शिडी मांडता येत नाही. सोळाव्या व सतराव्या शतकांतील पुष्कळ उदाहरणांत लेखकाला नेमका कोणता अर्थ अभिप्रेत होता हे ठरविणे कठीण आहे, अशी कबुली ऑक्सफर्डच्या कोशकारांनीच दिली आहे. असे असूनही अर्थांतराची मुख्य वळणे ओळखता येतात.

पहिले वळण मूर्खपणाकडून वर्तनाकडे. ज्याला विवेक नाही तो वागण्यातही संयम ठेवीत नाही, म्हणून अविवेकी माणसाचे विशेषण उच्छृंखल व विलासी माणसालाही लागू झाले. पोशाखातील अवाजवी डौल, खाण्यापिण्यातील चैन, नखरेलपणा, यांना उद्देशून ते येऊ लागले. येथपर्यंत शब्दात निंदा पूर्णपणे शिल्लक आहे.

दुसरे वळण नखऱ्याकडून चोखंदळपणाकडे. जो पोशाखाविषयी व भोजनाविषयी अतिरेकी काळजी घेतो त्याला साध्या गोष्टी रुचत नाहीत. तो नाके मुरडतो, निवड करतो. चौदाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून हा अर्थ रुजू लागतो. याच सुमारास दुसऱ्या एका वाटेनेही शब्द पुढे सरकत होता. अडाणी माणूस चारचौघांत बुजतो; म्हणून शब्दाला भित्रा, लाजाळू, आढेवेढे घेणारा अशी छटा आली, आणि तीतून सोवळेपणा, मर्यादेचा अतिरेकी आग्रह, हा अर्थ निघाला. नखरेल आणि सोवळा ही परस्परविरुद्ध माणसे होत. तथापि 'साध्यासुध्या गोष्टीला सहज मान न डोलविणारा' या एका लक्षणात ती दोघे एकत्र येतात. शब्दाच्या दोन वाटा येथे मिळाल्या.

तिसरे वळण सर्वांत महत्त्वाचे होय. चोखंदळपणा हा दोषही आहे व गुणही. ज्याची जीभ चोखंदळ तो चवीतील बारीक भेद ओळखतो. ज्याचा कान चोखंदळ तो सुरातील. सोळाव्या शतकात 'नाइस' हे विशेषण सूक्ष्म भेद जाणणाऱ्या बुद्धीला आणि इंद्रियाला लागू लागले, आणि येथे निंदेचे पारडे हलके होऊन स्तुतीचे जड होऊ लागले. १६६० मध्ये स्थापन झालेल्या रॉयल सोसायटीच्या पिढीतील निरीक्षकांना हा शब्द सोयीचा वाटला, यात नवल नाही. काटेकोर माप, सूक्ष्म निरीक्षण, नाजूक तराजू, या सर्वांना तो लागत असे. अज्ञानाचा वाचक असलेला शब्द अशा रीतीने शास्त्रीय अचूकतेचा वाचक झाला व आपल्या 'सायन्स' या भाऊबंदाच्या घरी जाऊन बसला.

चौथे वळण व्यक्तीकडून वस्तूकडे. सूक्ष्म बुद्धी ज्या प्रश्नाला लागते तो प्रश्नही 'नाइस'. मराठीत आपण 'नाजूक प्रश्न' म्हणतो, त्याच्याशी हा प्रयोग ताडून पाहण्यासारखा आहे. त्याचप्रमाणे चोखंदळ जिभेला जो पदार्थ रुचतो तोही 'नाइस' झाला. प्रथम गुण भोक्त्याचा होता. तो भोग्य वस्तूकडे सरकला. एकदा पदार्थाला हे विशेषण लागल्यावर, खाणारा चोखंदळ आहे की नाही याची आठवण ठेवण्याचे कारण उरले नाही. पदार्थ रुचकर आहे, एवढेच उरले. अठराव्या शतकात 'रुचकर'चे 'मनाला बरे वाटणारे' झाले, आणि एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात ते माणसांकडे परत येऊन 'सौजन्यशील, मायाळू' झाले. व्यक्तीपासून निघालेले विशेषण वस्तूंचा फेरा करून पुन्हा व्यक्तीकडे आले. मात्र निघताना जी निंदा होती ती येताना प्रशंसा होऊन आली.

या प्रत्येक वळणावर एक समान गोष्ट दिसते. जुना व नवा हे दोन्ही अर्थ ज्यात सारखेच बसतात अशी वाक्ये प्रत्येक वळणावर असली पाहिजेत. अमुक एका श्रीमंताची जीभ 'नाइस' आहे असे कोणी म्हटले, तर बोलणारा निंदा करीत असेल आणि ऐकणारा तीच स्तुती समजत असेल. संभाषण अडत नाही, कोणी कोणाला दुरुस्त करीत नाही, आणि पुढील पिढी ऐकणाऱ्याचा अर्थ घेऊन बोलू लागते. कोणत्याही एका दिवशी, कोणत्याही एका माणसाने शब्दाचा अर्थ बदलला नाही.

४

मधल्या काळातील साहित्य वाचताना आजच्या वाचकाची कशी फसगत होते, हे तीन स्थळांवरून पाहता येईल.

शेक्सपिअरच्या 'रोमिओ अँड ज्युलिएट' या नाटकात साधू लॉरेन्सने पाठविलेले पत्र रोमिओच्या हाती पडत नाही. हे कळल्यावर साधू उद्गारतो की, ते पत्र 'नाइस' नव्हते, त्यात फार महत्त्वाचा मजकूर होता. येथे अर्थ 'क्षुल्लक' असा आहे. आजच्या अर्थाने वाचल्यास, पत्रातील मजकूर काही अप्रिय होता की काय, अशी भलतीच शंका येते. आणि ज्या एका पत्राच्या न पोचण्याने पुढील सर्व अनर्थ घडतो त्याचे गांभीर्य निसटते.

दुसरे स्थळ 'हेन्री द फिफ्थ' या १५९९ च्या सुमाराच्या नाटकातील. विवाहापूर्वी चुंबन देणे ही फ्रान्समधील कुमारिकांची रीत नव्हे, असे राजकन्या कॅथरिन सुचविते. त्यावर हेन्री म्हणतो की, थोर राजांपुढे 'नाइस' रूढी वाकतात. आजच्या अर्थाने हे वाक्य निर्वेध वाचता येते: चांगल्या चालीरीतीही राजापुढे नमतात. व्याकरण बिघडत नाही, प्रसंग बिघडत नाही. म्हणूनच ही फसगत अधिक धोक्याची. हेन्रीचा अभिप्राय निराळा आहे. त्या रूढी अवाजवी सोवळ्या, फाजील काटेकोर आहेत, आणि राजाने त्यांची पर्वा करू नये, असे तो म्हणतो. विजेता राजा पराभूत राजाच्या कन्येच्या देशातील मर्यादेला सौम्य हसतो आहे. त्या हसण्यातील अधिकाराची धार 'चांगल्या' या अर्थाने बोथट होते.

तिसरे स्थळ मिल्टनच्या 'कोमस' या १६३४ मध्ये लडलो येथील किल्ल्यात सादर झालेल्या नाट्यकाव्यातील आहे. कोमस हा रात्रीच्या रंगढंगांचा देव आपल्या सोबत्यांना बजावतो की, हिंदुस्थानच्या डोंगरउतारावरून 'नाइस' पहाट डोकावण्यापूर्वी आपला उत्सव उरकला पाहिजे. 'रम्य पहाट' असा अर्थ केला तर चित्र सुंदर दिसते, आणि साफ चुकते. कोमसच्या दृष्टीने पहाट ही नाक मुरडणारी, सोवळी, चहाडखोर स्त्री आहे. ती डोकावून पाहते आणि पाहिलेले सूर्याला जाऊन सांगते. वक्त्याचा सगळा तिरस्कार त्या एका विशेषणात आहे.

इंग्रज समीक्षक सी. एस. लुइस याने १९६० मध्ये केंब्रिजहून प्रसिद्ध झालेल्या आपल्या शब्दविषयक ग्रंथात 'धोकादायक अर्थ' अशी एक संकल्पना मांडली आहे. जुन्या लेखात शब्दाचा आपल्या काळात प्रबळ असलेला अर्थ बेमालूम बसत असेल, तर वाचकाला शंका येत नाही आणि तो कोश उघडीत नाही. धोका तेथे असतो. अपरिचित शब्द आपणास थांबवितो. परिचित शब्द थांबवीत नाही. हेन्रीच्या वाक्यातील 'नाइस' हा या संकल्पनेचा नमुनाच म्हणावा लागेल.

५

आता 'मूळ अर्था'च्या प्रश्नाकडे वळू. या शब्दाच्या इतिहासात त्या प्रश्नाची दोन साधने उपलब्ध आहेत: एक कोश व एक कादंबरी.

सॅम्युअल जॉन्सनचा इंग्रजी कोश १७५५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात 'नाइस'चे जे अर्थ दिले आहेत ते अचूकता, सूक्ष्मता, चोखंदळपणा, नाजूकपणा या परिवारातील आहेत. ही सूक्ष्मता पुष्कळदा सदोष समजली जाते, अशीही सूचना तेथे आहे. 'मनाला बरे वाटणारे' हा आजचा अर्थ जॉन्सनने नोंदविलेला नाही. अधिक लक्षणीय गोष्ट ही की, शब्दाचा उगम त्याने लॅटिनपर्यंत नेला नाही. मृदू या अर्थाच्या एका सॅक्सन शब्दापासून त्याने तो काढला. 'नाजूक' हा अर्थ समोर असल्यामुळे 'मृदू' हा उगम त्याला स्वाभाविक वाटला असावा. प्रचलित अर्थाकडे पाहून उगम शोधला आणि त्या उगमाने प्रचलित अर्थाला दुजोरा दिला. असे वर्तुळ व्युत्पत्तिशास्त्रात नेहमीच तयार होत आले आहे.

दुसरे साधन जेन ऑस्टेनची 'नॉर्दँगर अ‍ॅबी' ही कादंबरी. ती अठराव्या शतकाच्या अखेरीस लिहिली गेली आणि लेखिकेच्या मृत्यूनंतर, १८१७ च्या डिसेंबरात प्रसिद्ध झाली. तीत बाथ नगराबाहेरील टेकडीवर फिरावयास गेलेल्या तरुण मंडळींचा एक प्रसंग आहे. कॅथरिन मोर्लंड ही सतरा-अठरा वर्षांची भोळी मुलगी आपल्या आवडत्या कादंबरीला हे विशेषण लावते. हेन्री टिल्नी हा विद्वान तरुण तिची थट्टा करतो: पुस्तक 'नाइस' म्हणजे नीटनेटके असेल, तर तो गुण त्याच्या बांधणीचा होय. पुढे तो असेही सांगतो की, हा शब्द आता वाटेल त्या वस्तूच्या स्तुतीला वापरतात. मुळात तो नीटनेटकेपणा, औचित्य, नाजूकपणा व सुसंस्कृतता एवढेच दर्शवीत असावा. त्याची बहीण एलिनर हिला भावाचा हा स्वभाव ठाऊक आहे. त्याच्यापुढे हार न मानल्यास वाटभर जॉन्सन व ब्लेअर यांचा मारा सहन करावा लागेल, असा इशारा ती कॅथरिनला देते.

हेन्रीच्या बोलण्यातील 'मुळात' या कल्पनेकडे लक्ष दिले पाहिजे. तो ज्याला मूळ समजतो तो अर्थ सोळाव्या-सतराव्या शतकांतील आहे. त्यापूर्वी जवळजवळ दोनशे वर्षे या शब्दाने इंग्रजीत मूर्खपणाचा बोध केला होता. हेन्रीच्या नियमाप्रमाणेच चालावयाचे, तर 'नाइस' पुस्तक म्हणजे मूर्ख पुस्तक म्हणावे लागेल, आणि त्याने प्रिय मानलेला 'सुसंस्कृत' हा अर्थही तितकाच भ्रष्ट ठरेल. शुद्धिवाद्याचे 'मूळ' बहुधा दोन-चार पिढ्यांपलीकडे जात नाही. आपल्या आज्याचा अर्थ तो आदिपुरुषाचा समजतो. आणि खरोखर मुळापर्यंत गेल्यास जे हाती येते ते त्याला नकोसे असते.

या प्रसंगातील सर्वांत मार्मिक वाक्य एलिनरच्या तोंडी आहे. हे विशेषण खरे तर भावालाच लावावे, आणि तेही कोणतीही स्तुती मनात न आणता, असे ती म्हणते. तो शहाणपणापेक्षा चोखंदळपणात पुढे आहे. जो शब्दाचा जुना अर्थ राखू पाहतो त्यालाच ती जुन्या अर्थाने तो शब्द परत करते. एका संभाषणात, एकाच टेकडीवर, एका शब्दाचे दोन अर्थ दोन तरुणींच्या तोंडी जिवंत आहेत: कॅथरिनच्या तोंडी नवा, एलिनरच्या तोंडी जुना. दोघींपैकी कोणीही चूक करीत नाही. अर्थांतराचा काळ आतून कसा दिसतो याचे इतके स्पष्ट चित्र कोशांच्या नोंदींत मिळत नाही.

हेन्रीची तक्रार पुढेही चालू राहिली. फाउलरने १९२६ च्या आपल्या इंग्रजी प्रयोगविषयक कोशात या शब्दाचा अर्थ झिजून सपाट झाल्याचे खापर स्त्रियांच्या आवडीवर फोडले. तक्रारीतला एक भाग यथार्थ आहे. जो शब्द सर्वांना लागतो तो कोणालाच नेमका लागत नाही, आणि सूक्ष्म भेद दर्शविणारा शब्दच भेद पुसण्याच्या कामी यावा, हे भाषेचे नुकसान होय. मात्र ते नुकसान पूर्ण झालेले नाही. सूक्ष्म तार्किक भेदाला आजही इंग्रजीत हेच विशेषण लावले जाते, आणि त्यापासून झालेले 'नाइसिटी' हे नाम बारकावा, तंतोतंतपणा या अर्थाने टिकून आहे. चॉसरच्या लेखनात ज्या नामाने न्यायाधीशाची मूर्खता सांगितली तेच हे नाम.

६

शब्दांचे अर्थ वाईटाकडे घसरतात की चांगल्याकडे चढतात, असा एक प्रश्न भाषाशास्त्रात बराच काळ चर्चिला गेला. यांना अर्थापकर्ष व अर्थोत्कर्ष अशा संज्ञा आहेत. 'नाइस' हे अर्थोत्कर्षाचे ठळक उदाहरण होय. त्याच्या शेजारीच 'सिली' हा शब्द ठेवावा. तो मूळचा इंग्रजी. जुन्या इंग्रजीत त्याचा अर्थ 'धन्य, सुखी' असा होता, आणि जर्मनमधील त्याचा सगोत्र 'झेलिश' आजही 'धन्य' या अर्थाने चालतो. इंग्रजीत मात्र धन्य म्हणून निष्पाप, निष्पाप म्हणून दीन, दीन म्हणून दुबळा, आणि सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून 'मूर्ख', असा तो उतरत गेला. एक शब्द मूर्खपणातून चांगुलपणाकडे जात असता दुसरा धन्यतेतून मूर्खपणाकडे येत होता. जणू दोघांनी घरे बदलली. मिशेल ब्रेआल या फ्रेंच पंडिताने १८९७ च्या आपल्या अर्थविचारविषयक ग्रंथात, शब्दांत अधोगतीची काही उपजत प्रवृत्ती असते ही कल्पना नाकारली होती. अर्थ बदलण्याची कारणे शब्दांत नसतात. ती बोलणाऱ्या माणसांच्या गरजांत, सभ्यतेत आणि आडपडद्यात असतात. वरील जोडी त्याच्या मताला पोषक आहे.

मराठी वाचकाला या प्रक्रियेची साक्ष दूर शोधावयास नको. 'मुह्' म्हणजे गोंधळणे या धातूपासून संस्कृतात 'मूढ' व 'मुग्ध' ही दोन्ही रूपे होतात, पाणिनीने ती विकल्पाने सांगितली आहेत (अष्टाध्यायी ८.२.३३). धातू एक, प्रत्यय एक. तरीही 'मूढ' मूर्खच राहिला आणि 'मुग्ध' हा अजाण, मग निरागस, मग मनोहर झाला. संस्कृत कोशकार 'मुग्ध' शब्दाचे 'सुंदर' व 'मूढ' असे दोन्ही अर्थ शेजारी शेजारी देतात. पूर्वमेघात, वारा पर्वताचे शिखर तर उडवून नेत नाही ना, अशा शंकेने वर पाहणाऱ्या सिद्धांगनांना कालिदासाने 'मुग्ध' म्हटले आहे. त्या भोळ्या आहेत की सुंदर? दोन्ही अर्थ बसतात. आणि ज्या वाक्यात दोन्ही बसतात तेथेच अर्थ सरकतो, असे वर म्हटले आहे. भोळेपणाकडून मोहकतेकडे जाण्याची ही वाट 'नाइस'च्या वाटेहून निराळी असली तरी, आरंभ व शेवट यांतील अंतर तेवढेच आहे.

'साहस' या शब्दाने मात्र अभ्यासकाला अधिक सावध केले पाहिजे. आज मराठीत साहस म्हणजे धाडस. त्यात किंचित अविचाराची छटा असली तरी शब्द बव्हंशी कौतुकाचा आहे. धर्मशास्त्रात 'साहस' हे अठरा व्यवहारपदांपैकी एक, म्हणजे बलात्काराने, उघडपणे केलेला हिंसक अपराध होय. आणि त्यावरून दंडाच्या श्रेणींनाही तेच नाव पडले. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात प्रथम साहस २५० पणांचे, मध्यम ५०० पणांचे आणि उत्तम साहस १००० पणांचे सांगितले आहे. 'उत्तम साहस' या दोन शब्दांत मराठी वाचकाला अपरिचित असे काहीच नाही, आणि म्हणूनच आजच्या अर्थाने त्याला त्यात शौर्याचा गौरव दिसेल. ग्रंथकाराने तेथे सर्वांत मोठा दंड सांगितला आहे. हेन्रीच्या रूढींविषयी जी चूक इंग्रज वाचक करील, तीच येथे आपण करू.

७

या विवेचनातून जो निष्कर्ष निघतो तो असा. शब्दाचा उगम हे त्याच्या चरित्रातील पहिले प्रकरण होय. पुढील प्रकरणांवर अधिकार चालविण्याची सत्ता त्याला नाही. त्याचप्रमाणे आजचा अर्थ हे त्या चरित्रातील तूर्तचे शेवटचे प्रकरण होय. मागील प्रकरणांवर त्याचीही सत्ता चालत नाही. शुद्धिवादी पहिली चूक करतो, घाईचा वाचक दुसरी. दोघेही शब्दाला एकच अर्थ असतो असे गृहीत धरतात. वाद फक्त तो कोणत्या टोकाला शोधावयाचा याविषयी आहे. अभ्यासकाने विचारावयाचा प्रश्न तिसराच आहे: हा लेख ज्या वर्षी, ज्या मंडळींत लिहिला गेला, तेथे या शब्दाने काय समजले जात होते?

या प्रश्नाचे उत्तर देता यावे म्हणूनच ऐतिहासिक तत्त्वावरील कोशाची कल्पना उदयास आली. कोशकार हा भाषेचा इतिहासकार असतो, तिचा परीक्षक नव्हे, असे रिचर्ड चेनेविक्स ट्रेंच याने लंडनच्या फिलॉलॉजिकल सोसायटीपुढे १८५७ मध्ये प्रतिपादन केले. त्या विचारातून निघालेला ऑक्सफर्डचा कोश १८८४ ते १९२८ या काळात भागशः प्रसिद्ध झाला. प्रत्येक अर्थाला सालवार उतारे जोडण्याची त्याची पद्धत नसती, तर प्रस्तुत लेखातील पुष्कळशी विधाने करता आली नसती. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात डॉ. सुमित्र मंगेश कत्रे यांनी १९४८ मध्ये त्याच ऐतिहासिक तत्त्वावर संस्कृत महाकोशाचे कार्य आरंभिले, आणि त्याचा पहिला भाग १९७६ मध्ये प्रसिद्ध झाला. 'मुग्ध' अथवा 'साहस' यांसारख्या शब्दांचा निर्णय अशाच साधनांनी व्हावयाचा आहे; व्युत्पत्तीच्या एका सूत्राने तो होणार नाही.

कॅथरिन मोर्लंडला हेन्रीची थट्टा कळली, तरी तिने आपला शब्द सोडला नाही. पुस्तक खरोखरच तसे आहे, मग तसे का म्हणू नये, असा तिचा साधा प्रश्न होता. आपल्या काळचा शब्द आपल्या काळच्या अर्थाने वापरण्याचा तिचा हक्क निर्विवाद आहे. तिच्या आधीच्या माणसांनाही हाच हक्क होता. चॉसरच्या सिसिलियाने न्यायाधीशाला जे म्हटले ते तिच्या काळच्या अर्थाने म्हटले, आणि तिचे वाक्य वाचताना तो हक्क तिच्याकडे राहू देणे हे वाचकाचे कर्तव्य होय.